पारघाट, रडतोंडी आणि आंबेनळी : एका घाटरस्त्याच्या इतिहासाचें परीक्षण

(१)

सह्याद्रीच्या घाटवाटांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें त्यांत किल्ल्यांचा विचार पुष्कळ व वाटांचा विचार थोडा, असा प्रकार आढळतो. किल्ला उभा असतो, त्याचे बुरूज मोजतां येतात, बखरींत त्याचें नांव सांपडतें. वाट मात्र सरकते. एका शतकांत ती डोंगराच्या एका कुशीनें उतरते, दुसऱ्या शतकांत दुसऱ्या कुशीनें. नांव मात्र पुष्कळदां जुनेंच राहतें, किंवा उलट, नव्या वाटेचें नांव मागच्या काळावर लादलें जातें. असें झालें म्हणजे जुन्या कागदांतील साध्या वाक्याचाही अर्थ बिघडतो. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका वाटेचा विचार करणार आहों.

रायगड जिल्ह्यांतील पोलादपूर येथून निघून आंबेनळी घाटानें चढत, प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा कुंभरोशी गांवावरून महाबळेश्वरास जाणारा जो रस्ता आहे, तो लांबीनें सुमारें ४० किलोमीटर. राज्यमार्गांच्या यादींत गणला गेलेल्या रस्त्यांमध्यें तो अगदीं लहान. याच्या दोन्ही टोकांच्या मधला मुलूख विरळ वस्तीचा व दाट रानाचा आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासांतील एक निर्णायक प्रसंग याच मुलुखांत घडला असल्यामुळें या रस्त्याच्या पूर्वपीठिकेसंबंधीं जीं विधानें रूढ झालीं आहेत तीं तपासून घेणें अवश्य आहे. तीं विधानें मुख्यतः दोन : पहिलें, अफझलखान पारघाटानें आला, दुसरें, आजचा मोटाररस्ता म्हणजेच तो जुना पारघाट. यांपैकीं पहिलें विधान शिथिल असून दुसरें सर्वथा चुकीचें आहे, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें पुढें देतों.

(२)

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे, कारण या प्रश्नांतील निम्मा गोंधळ भूमि न पाहतां लिहिल्यामुळें उत्पन्न झाला आहे. महाबळेश्वराचें पठार सुमारें ४,५०० फूट उंच. तेथून पश्चिमेस उतरूं लागलें म्हणजे प्रवासी एकदम कोंकणांत जातो अशी सामान्य समजूत आहे. पण वस्तुस्थिति तशी नाहीं. पठाराखालीं प्रथम लागतें तें कोयनेचें खोरें, म्हणजेच जुनें जावळीचें खोरें. पार हें गांव या खोऱ्यांत आहे. पारास पडलेलें पावसाचें पाणी कोयनेंतून दक्षिणेस वाहत जातें, पुढें कराडास कृष्णेला मिळतें आणि अखेर बंगालच्या उपसागरास पोंचतें. उलट पोलादपुरास पडलेलें पाणी सावित्रींतून बाणकोटापाशीं पश्चिम समुद्रास मिळतें. या दोन पाण्यांमधील जी धार, ती पाराच्या पलीकडे, पश्चिमेस आहे; आणि सुमारें ३,५०० फूट उंचीचा प्रतापगड याच धारेच्या आश्रयानें उभा आहे.

तात्पर्य, महाबळेश्वराहून कोंकणांत जाणाऱ्या मनुष्यास एक उतार नव्हे, दोन उतार लागतात. पहिला उतार पठारावरून कोयनेच्या खोऱ्यांत. तो रडतोंडीचा घाट. मग खोऱ्याच्या तळाशीं नदी ओलांडून, पाराहून प्रतापगडाच्या दक्षिण अंगानें धार चढून, पलीकडे कोंकणांतील पारघाट गांवाकडे जो दुसरा उतार लागतो तो खरा पारघाट. पहिला उतार संपला तरी माणूस अद्याप पाण्याच्या हिशेबानें देशावरच असतो. हे दोन उतार वेगळे आहेत ही गोष्ट एकदां ध्यानांत धरली म्हणजे पुढील विवेचन सोपें होतें.

(३)

आतां रूढ विधानांच्या उगमाकडे वळूं. मुंबई ग्याझेटियरचा कुलाबा जिल्ह्याचा भाग १८८३ सालीं व सातारा जिल्ह्याचा भाग १८८५ सालीं प्रसिद्ध झाला. क्याम्बेलसाहेबांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या या ग्रंथमालेचे उपकार कोणीही अभ्यासक अमान्य करणार नाहीं. घाटांचीं नांवें, त्यांवरील वाहतूक, नाक्यांच्या जागा, रस्ते बांधल्याचीं सालें ही माहिती इतक्या पद्धतशीरपणें त्यापूर्वी कोणीं एकत्र केली नव्हती. आमच्या प्रस्तुत प्रश्नापुरतें बोलावयाचें तर, १८६४ सालीं कुंभार्ली घाटाचा रस्ता व १८७६ सालीं फिट्झगेराल्ड घाटाचा रस्ता होईपर्यंत कोंकणांत जाण्याचा हमरस्ता म्हणून पारघाटच वापरांत होता, ही महत्त्वाची माहिती आपणांस याच ग्रंथांतून मिळते.

परंतु या वर्णनांत दोन दोष आहेत. पहिला दोष रचनेचा. जिल्ह्यांची सीमा सह्याद्रीच्या धारेनें जाते. त्यामुळें एकाच वाटेचा वरचा भाग सातारच्या भागांत व खालचा भाग कुलाब्याच्या भागांत पडला. एकाच मनुष्यानें एकाच दिवसांत चालून जाण्याची वाट दोन ग्रंथांत वाटली गेली आणि ती अखंड अशी कोठेंच वर्णिली गेली नाहीं. ग्याझेटियराधारें लिहिणाऱ्या पुढील लेखकांनीं बहुधा एकच भाग उघडला व त्यांतील अर्धी वाट पुरी मानली. कुलाबा जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें, तरी ही जुनी वांटणी लेखनांत तशीच चालत राहिली आहे.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. सातारच्या भागांत 'पारघाट' हें एकच नांव महाबळेश्वराच्या बाजूपासून पारावरून थेट कोंकणांतील पारघाट गांवापर्यंतच्या सबंध मार्गास लावलें आहे आणि याच मार्गानें अफझलखान प्रतापगडच्या भेटीस आला असें म्हटलें आहे. नांव असें व्यापक केलें म्हणजे विधान शब्दशः खोटें ठरत नाहीं. पण त्यांतून निघणारा बोध खोटा ठरतो. कारण खान वाईहून आला. वाईहून पठारावर चढून, रडतोंडीनें खालीं उतरून तो कोयनेच्या खोऱ्यांत शिरला, हें सामान्यतः सर्वांस मान्य आहे. त्याचें सैन्य खोऱ्यांत राहिलें व तो स्वतः प्रतापगडाखालीं भेटीच्या जागीं गेला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं जें व्हावयाचें तें तेथेंच झालें. धारेपलीकडचा जो उतार, म्हणजे खरा पारघाट, त्यावर खानाचें पाऊल पडलेंच नाहीं. ज्या घाटापर्यंत तो पोंचला नाहीं त्या घाटानें तो आला असें म्हणणें इतिहासदृष्ट्या योग्य नव्हे.

(४)

हा केवळ नांवांचा कीस काढणें आहे असें कोणी म्हणेल. तसें तें नाहीं. या नांवावर प्रतापगडाच्या बांधणीचा हेतु अवलंबून आहे.

जानेवारी १६५६ मध्यें महाराजांनीं जावळी घेतली व त्यानंतर लौकरच मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखालीं प्रतापगडाचें काम झालें. हा किल्ला खानाच्या स्वारीपूर्वीं बांधलेला आहे. तेव्हां खानाला अडविण्यासाठीं तो बांधला हें म्हणणें कालदृष्ट्या टिकत नाहीं. मग तो कशासाठीं बांधला? ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास अधिकारावर होता व हा मुलूख त्याच्या पाहण्यांतला होता. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो नीरा व कोयना यांच्या कांठच्या मुलुखांत जाण्यायेण्याचा मार्ग सुरक्षित करणें व पारघाटाचा बंदोबस्त वाढविणें हे दोन हेतु सांगतो. येथें 'पारघाट' याचा अर्थ उघडच गडाच्या नजरेखालचा, धार ओलांडणारा उतार असा आहे. पठारावरून उतरणारी रडतोंडी असा नव्हे. म्हणजे ग्याझेटियरच्या पूर्वीं साठ वर्षें लिहिणारा, मुलूख प्रत्यक्ष पाहिलेला लेखक हें नांव संकुचित अर्थानें वापरतो. आमच्या मतें तोच अर्थ ग्राह्य धरला पाहिजे.

तसा तो धरला म्हणजे १६५९ च्या प्रसंगावर वेगळाच प्रकाश पडतो. ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणें, खानाच्या येण्याच्या वाटेवरील रान तोडून ती वाट मोकळी करण्यांत आली व बाकीच्या सर्व वाटा बंद करण्यांत आल्या. शिवाय मोरोपंत व नेताजी पालकर यांस फौजेसह कोंकणांतून वर बोलावण्यांत आलें. या दोन गोष्टी एकत्र वाचाव्या. मोकळी केलेली वाट पूर्वेची, पठारावरून खोऱ्यांत उतरणारी; म्हणजे शत्रूला आंत घेणारी. कोंकणाकडील घाट मात्र महाराजांच्या हातीं होते आणि त्यांतून त्यांचे लोक वर येत होते. खान एका दारानें आंत आला व यजमानाची माणसें दुसऱ्या दारानें आलीं. 'खान पारघाटानें आला' असें लिहिणारा लेखक नकळत ही दोन्ही दारें एक करून टाकतो आणि मग या सबंध योजनेंतील मर्मच नाहींसें होतें. खोरें दोहों बाजूंनीं बंद होऊं शकणारी एक पेटी होती; तिचें एक झांकण पाहुण्यासाठीं उघडें ठेविलें होतें, एवढेंच.

आणखी एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, वाट साफ करण्याचा हा उल्लेख म्हणजे या मार्गावरील रस्त्याच्या कामाचा एक जुना व मोलाचा उल्लेख होय. रस्ता बांधणें हें राज्यकर्त्याचें पुण्यकर्म म्हणून आपण वर्णितों. येथें तें युद्धकर्म होतें.

(५)

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप संभवतात त्यांचा विचार करणें न्याय्य होईल.

पहिला आक्षेप असा कीं, लोकभाषेंत घाट गांवाच्या नांवानें ओळखला जातो. पार हें मधलें मुख्य गांव. तेव्हां दोन्ही बाजूंच्या चढउतारांस मिळून पारघाट म्हणणें स्वाभाविक आहे. हें आम्हांस मान्य आहे. वाटसरू तसें म्हणत असतील आणि ग्याझेटियरनें कदाचित् तेंच ऐकून लिहिलें असेल. परंतु वाटसरूची सोय व इतिहासकाराची सोय एक नव्हे. रडतोंडी हें वेगळें नांव लोकांनींच ठेविलें आहे व तें आजपर्यंत टिकलें आहे. लोकांनीं केलेला भेद लोकभाषेच्या नांवाखालीं पुसून टाकणें योग्य नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, पार येथें कोयनेवर शिवकालीन म्हणून प्रसिद्ध असलेला दगडी पूल आहे. ज्याअर्थीं मोठी वाहतूक पारावरून होत होती त्याअर्थीं सबंध मार्ग एकच मानावा. आमच्या दृष्टीनें हा पूल उलट आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. पूल नदीवर असतो, आणि ही नदी कोयना आहे, सावित्री नव्हे. पूल ओलांडणारा प्रवासी अद्याप धारेच्या अलीकडे आहे व घाट पुढें उतरावयाचा आहे, हेंच तो पूल सांगतो. दोन उतारांच्या मध्यें खोऱ्याच्या तळाशीं विसांव्याचें व नदी ओलांडण्याचें ठिकाण होतें, हीच त्यावरून सिद्ध होणारी गोष्ट.

तिसरा आक्षेप कोणी असा घेईल कीं, किल्ल्याचा उपयोग पूर्वेकडून येणाऱ्या शत्रूस अडविण्यासाठींच होता. म्हणून घाटाचीं नांवें कांहीं असलीं तरी फरक काय? याचें उत्तर १७९६ सालच्या घटनांत आहे. त्या सालीं नाना फडणीस पुण्याच्या राजकारणांत संकटांत सांपडून वाईहून कोंकणांत महाडास गेले, तेव्हां त्यांनीं प्रतापगडावर मजबूत शिबंदी ठेविली. कोंकणांत जाणाऱ्या पुरुषानें देशावरून पाठलाग होऊं नये म्हणून आपल्या पाठीमागें लावलेला हा अडसर होता. १६५९ सालीं खान धारेपर्यंतच आला. १७९६ सालीं धार ओलांडून नाना पलीकडे गेले. किल्ला एकच, पण एका प्रसंगांत रडतोंडीच्या तोंडाशीं त्याचा संबंध होता, दुसऱ्यांत खऱ्या पारघाटाशीं. हे दोन घाट एकाच नांवाखालीं घातले कीं, हा फरक दिसेनासा होतो.

(६)

आतां दुसऱ्या रूढ विधानाकडे, म्हणजे आजचा मोटाररस्ता व जुना पारघाट एकच, या समजुतीकडे वळूं. येथें फारसा वाद करण्याचें कारण नाहीं. घटनाक्रम पाहिला म्हणजे पुरे.

मराठी राज्य बुडाल्यावर १८२४ सालीं जनरल लॉड्विक महाबळेश्वराच्या पठारावर गेला. १८२८ सालीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें तेथें वसाहतीचा पाया घातला, आणि १८२९ सालीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांशीं करार होऊन वाईकडील खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत ही जागा कंपनीकडे आली. त्या काळीं मुंबईची मंडळी समुद्रमार्गें बाणकोटास, तेथून सावित्रीच्या खाडीनें महाडकडे येत व पारघाट चढून पठारावर जात. महाबळेश्वराच्या पश्चिम कड्यास मुंबई पॉइंट हें नांव पडलें त्याचें मूळ या जुन्या मुंबईच्या वाटेंत आहे. म्हणजे इंग्रजी अमदानीच्या पहिल्या चाळीसपन्नास वर्षांत जुनीच वाट, थोडीबहुत सुधारून, वापरांत होती.

पुढें १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी पुण्याकडे सुरू झाली, आणि मुंबईच्या हवाखाऊ मंडळींस पुणें, वाई व पांचगणी हा मार्ग सोयीचा झाला. त्यानंतर एका वर्षानें कुंभार्ली घाट चाकांच्या गाड्यांस मोकळा होऊन कऱ्हाडचा माल चिपळूणच्या बंदराकडे वळला. अशा रीतीनें पारघाटाचें प्रवासी उत्तरेकडे व त्याचा माल दक्षिणेकडे गेला. या दुहेरी ओहोटीनंतर, १८७६ सालीं, फिट्झगेराल्ड घाटाचा गाडीरस्ता तयार झाला. सर सेमूर फिट्झगेराल्ड हा १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचें नांव या घाटास मिळालें. लोकांच्या तोंडीं मात्र आंबेनळी हेंच नांव राहिलें व तेंच आज सर्वतोमुखीं आहे.

या नव्या रस्त्याची आंखणी जुन्या वाटेहून मुळांतच भिन्न आहे. जुनी वाट पायांची व बैलांच्या पाठीची. ती सरळ उतरते, खोऱ्याच्या तळास जाते, नदी ओलांडते व पुन्हा सरळ चढते. नवी वाट चाकांची. तिला तीव्र चढ चालत नाहीं, म्हणून ती तळास न जातां डोंगराच्या अंगाअंगानें वळसे घेत जाते. जुनी वाट प्रतापगडाच्या दक्षिणेकडून धार ओलांडते, नवी उत्तरेकडून. ग्याझेटियरच्या हिशेबानें महाबळेश्वरापासून पार पांच मैल, म्हणजे सुमारें ८ किलोमीटर. आज गाडीनें नुसतें प्रतापगडापर्यंत जावयाचें तरी वीस किलोमीटरांहून अधिक अंतर पडतें. हीं दोन अंतरें शेजारीं ठेविलीं म्हणजे दोन्ही वाटा एक नव्हेत हें कोणासही पटेल. जुन्या मार्गांतून नव्यांत राहिली आहे ती एकच गोष्ट : मधली धार. ती कोणत्याही इंजिनीयरास टाळतां आलेली नाहीं.

असें असतां हल्लींच्या प्रवासपर लेखनांत आंबेनळी घाटाच्या वळणांवर उभे राहून खानाच्या फौजेचें वर्णन करण्याचा प्रघात पडला आहे. ज्या वळणांचें वर्णन होतें तीं वळणें १८७६ पूर्वीं नव्हतीं. लेखकाच्या भावनेस आमचा आक्षेप नाहीं. तिच्या स्थळास आहे.

(७)

या चर्चेस आज निकड आहे ती अशी. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें प्रतापगडावर महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचें अनावरण झालें व त्याच सालीं कुंभरोशीहून गडावर जाणारा रस्ता झाला. तेव्हांपासून येणाऱ्या जनतेचा ओघ सगळा उत्तर अंगानें, नव्या रस्त्यानें आहे. दक्षिण अंगाची जुनी वाट पाहणारे थोडे व तिची निगा ठेवणारे त्याहून थोडे. नव्या रस्त्यावरही निसर्गाची अवकृपा वरचेवर होते. २८ जुलै २०१८ रोजीं या घाटांत प्रवाशांची बस दरींत कोसळून मोठी प्राणहानि झाली. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरास एका दिवसांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला आणि दरडी कोसळून रस्ता बंद पडला. अशा प्रसंगीं नवा रस्ता पुन्हा बांधला जातो, कारण त्याची गरज सर्वांस दिसते. जुन्या वाटेची एखादी फरसबंदी, एखादी चौकीची जोती, एखादा पायऱ्यांचा टप्पा वाहून गेला तर त्याची नोंदही होत नाहीं. ज्या वाटेचें नांवच आपण दुसऱ्या रस्त्यास देऊन टाकलें, तिच्या नाशाबद्दल दुःख करणार कोण?

(८)

शेवटीं कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस आमची विनंति आहे. जावळी, महाड, पोलादपूर व वाई या भागांतील घराण्यांच्या दफ्तरांत घाटाचा, जकातीचा, चौकीचा किंवा वेठीचा उल्लेख असलेला कागद आढळल्यास त्याची सूचि करतांना कागदांतील घाटाचें नांव जसेंच्या तसें उतरावें. 'पार' असेल तेथें 'आंबेनळी' असें आजचें नांव कंसांतही घालूं नये. कारण एकदां सूचींत शिरलेलें नांव पुढें मूळ कागदाचेंच म्हणून उद्धृत होतें. दुसरें, कागदांत वाटेवरील गांवें ज्या क्रमानें आलीं असतील तो क्रम मोडूं नये. रडतोंडी, पार, कोयनेचा उतार, धार, कोंकणांतील नाका या क्रमांपैकीं कोणते टप्पे आले आहेत यावरूनच लिहिणारा कोणत्या उताराविषयीं बोलत आहे हें ठरतें. तिसरें, कागद १८७६ पूर्वींचा कीं नंतरचा हें प्रथम पाहावें. तें साल या मार्गाच्या इतिहासांतील सीमेचा दगड आहे.

घाट तीन आहेत : रडतोंडी पठारावरून खोऱ्यांत उतरते, पारघाट धारेवरून कोंकणांत उतरतो, आणि आंबेनळी हा १८७६ च्या गाडीरस्त्याचा घाट. खान पहिल्यानें आला, दुसऱ्यापर्यंत पोंचला नाहीं, व तिसरा त्याच्यामागून दोनशें सतरा वर्षांनीं झाला. ग्याझेटियरच्या मोठ्या उपकारांस बाध न आणतां त्याचें एवढें एक विधान सोडून द्यावें, आणि प्रतापगड बांधणाऱ्यांनीं जी धार ओळखली होती ती आपणही ओळखावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.